‘बाई, तो परत बाकावर चढला!’ : विशेष गरजा असलेलं मूल वर्गात आल्यावरचे पहिले तीन महिने

जूनमध्ये शाळा सुरू होऊन चार दिवस झाले होते. तिसरीचा वर्ग, सकाळचं सत्र, हजेरीपटावर ४२ मुलं. पाचव्या दिवशी ऑफिसातून चिठ्ठी आली: नवीन प्रवेश, तुमच्या तुकडीत. मी त्याला इथे सोहम म्हणते. खरं नाव वेगळं आहे, आणि ओळख पटेल अशा एकदोन गोष्टीही मी बदलल्या आहेत.

पहिल्या तासाला सोहम बाकाखाली जाऊन बसला. दुसऱ्या तासाला बाकावर चढला. मधल्या सुट्टीच्या जरा आधी त्याने शेजारच्या मुलीच्या दंडाला कडकडून चावा घेतला. ती रडायला लागली, तिच्या मैत्रिणी रडायला लागल्या, मागची मुलं हसायला लागली. त्या दिवशी पाठ एक ओळ पुढे सरकला नाही. डी.एड.ला बालमानसशास्त्राच्या पेपरात मला चांगले गुण होते. ते काही कामी आले नाहीत.

मुंबईतल्या साध्या मराठी शाळेत शिकवणाऱ्या आणि विशेष शिक्षणाचं वेगळं प्रशिक्षण न घेतलेल्या बाईंसाठी आणि सरांसाठी मी हे लिहिते आहे. वर्गात पंचवीस मुलं, शाळेत समुपदेशक आणि मुलाच्या शेजारी मदतनीस बसवलेली, अशी सोय ज्यांच्याकडे आहे त्यांना यातलं निम्मं लागणारच नाही. मी केलेल्या चुका त्या-त्या जागी सांगितल्या आहेत. त्या तुम्ही परत करू नका, नव्या करायला भरपूर वाव आहे.

## १. पहिला आठवडा : काही सुधारायला जाऊ नका

पहिल्या आठवड्यात एकच काम, सगळी मुलं धडधाकट घरी गेली पाहिजेत. त्याने बसावं, लिहावं, प्रार्थनेला उभं राहावं हे सगळं नंतर.

आधी जागा बघा. त्याला शेवटच्या बाकावर टाकू नका. शिक्षक खोलीत हा सल्ला हमखास मिळतो आणि तो सपशेल चुकीचा आहे, कारण तिथे तुमचा हात पोचत नाही. दाराशीही नको, जिना चार पावलांवर असतो. पुढच्या दोन बाकांपैकी भिंतीकडची जागा बरी, आणि शेजारी शांत, न घाबरणारं मूल. ते मूल मात्र दर पंधरा दिवसांनी बदला. हुशार आणि समंजस मुलीला वर्षभर याच्या शेजारी बसवणं म्हणजे तिला बिनपगारी कामाला लावणं.

कर्कटक, कात्री, टोकदार पट्ट्या कपाटात. खिडकीची जाळी हलवून बघा. फाटकावरच्या वॉचमनला मुलगा दाखवून ठेवा आणि हा एकटा बाहेर पडता कामा नये हे स्पष्ट सांगा. आमच्या शाळेचं फाटक थेट बस रस्त्यावर उघडतं.

मग लाल कार्ड. पुठ्ठ्याचा हाताएवढा लाल तुकडा माझ्या टेबलावर असतो. परिस्थिती हाताबाहेर गेली की वर्गप्रमुखाने तो उचलून शेजारच्या वर्गातल्या बाईंना नेऊन द्यायचा. काही बोलायचं नाही, ओरडत धावायचं नाही. कार्ड दिसलं की त्या बाई येतात आणि बाकीची मुलं बाहेर नेतात. हे त्यांच्याशी आधी बोलून ठेवलेलं असावं, ऐनवेळी नाही.

आणि पहिल्याच दिवशी आईला एक प्रश्न: फिट येते का, कुठलं औषध चालू आहे का? वर्गात फिट आली तर मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली दप्तर नको पण घडी केलेला रेनकोट चालेल, आजूबाजूचे बाक सरकवा आणि घड्याळ बघा. हातपाय दाबून धरू नका, दातांत चमचा घालू नका, पाणी पाजू नका. कांदा आणि चप्पल हुंगवायला कोणी ना कोणी धावत येतंच, त्यांना नम्रपणे बाजूला करा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा थांबून लगेच परत आली, तर १०८ ला फोन.

## २. वही घाला (हे टाळलंत तर बाकीचं वाचू नका)

पहिले वीस दिवस मी सोहमकडे बघत होते. घड्याळाकडे बघायला हवं होतं.

समावेशित शिक्षणाच्या, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांना साध्या वर्गातच शिकवायला मदत करणाऱ्या, विशेष शिक्षिका शाळेत आल्या तेव्हा मी त्यांना पंधरा मिनिटं गाऱ्हाणं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून विचारलं, “किती वाजता होतं हे?” मी म्हटलं, “दिवसभर.” त्या म्हणाल्या, “दिवसभर काहीच होत नाही. लिहून काढा.”

शंभर पानी वही घेतली. चार रकाने आखले: वेळ, लगेच आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, त्यानंतर काय झालं. घटना झाली की दोन ओळी, बस्स. निबंध नको. ‘मुद्दाम त्रास दिला’, ‘हट्टीपणा केला’ असले शब्द वहीत येऊ द्यायचे नाहीत. डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं. माझ्या वहीतल्या दोन नोंदी अशा:

*सोम. ८.२० – गणित. फळ्यावरची आठ उदाहरणं उतरवायला सांगितली – वही फाडली, पेन्सिल फेकली – ऑफिसात पाठवलं.*

*मंगळ. ९.३५ – वाचन चालू होतं, मी त्याच्याशी बोलतही नव्हते – कान दाबले, मनगट चावलं, दाराकडे पळाला – पकडून आणला, रडला.*

दोन आठवड्यांत १७ नोंदी झाल्या. शनिवारी दुपारी घरी बसून वेळा एका कागदावर मांडल्या तेव्हा मला माझीच लाज वाटली. सात नोंदी फळ्यावरून उतरवून घेण्याच्या वेळच्या होत्या. सहा नोंदी ९.३० ते ९.४० या दहा मिनिटांतल्या. उरलेल्या चार इकडच्या तिकडच्या.

९.३५ ला काय होतं ते कळेना. मी वर्गात उभी, मुलं वाचतायत, सगळं शांत. सोमवारी मी मुद्दाम दाराशी जाऊन उभी राहिले. ९.३४ ला खालून खिचडीचं पातेलं आलं. बचतगटाच्या दोन बायका ते जिन्यापर्यंत उचलून आणतात आणि पुढे व्हरांड्यातल्या फरशीवरून ओढत नेतात. स्टीलचा बूड आणि कोटा फरशी. तो करकर आवाज मी सोळा वर्षं ऐकते आहे आणि मला तो ऐकूच येत नव्हता. सोहमने कान दाबले. त्या बायकांना सांगून पातेल्याखाली दुमडलेलं गोणपाट घातलं. पुढच्या आठवड्यात त्या दहा मिनिटांतली नोंद एकच होती, आणि ती वेगळ्याच कारणाची.

सगळंच असं गोणपाटाने सुटत नाही, हेही सांगते. गणिताचं प्रकरण चिवट होतं. तिथे चौथा रकाना वाचावा लागला. प्रत्येक वेळी शेवट एकच: ऑफिसात पाठवलं. ऑफिसात काय होतं? पंखा, शांतता, आणि क्लार्ककाका त्याला रद्दी कागदावर शिक्के मारायला देत. वही फाडली की गणित चुकतं आणि शिक्क्यांचं पॅड मिळतं, हा हिशेब त्या मुलाला माझ्याआधी जमला होता. मी शिक्षा समजून जे देत होते, ते त्याचं बक्षीस होतं.

तेव्हा वही वाचताना प्रत्येक घटनेला विचारा: यातून त्याला काय मिळालं, किंवा काय टळलं? बहुतेक वेळा उत्तर चारांपैकी एक असतं. नकोसं काम टळलं, कोणाचं तरी लक्ष मिळालं, हवी ती वस्तू मिळाली, किंवा शरीराला सोसत नसलेला आवाज, उजेड, धक्का यातून सुटका झाली. कारण वेगळं तर उपाय वेगळा. कामातून सुटायला ओरडणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर काढणं आणि आवाज असह्य होऊन ओरडणाऱ्याला ‘दुर्लक्ष करा, थांबेल’ म्हणणं, दोन्हीमुळे प्रकरण वाढतं.

## ३. आईवडिलांना बोलावताना

पहिला निरोप तक्रारीचा नको. मी तिथेच चुकले. सोहमची आई दुपारी शिलाईच्या कामावरून सुट्टी टाकून आली, दारातच उभी राहिली आणि तिचं पहिलं वाक्य होतं, “बाई, काढणार का त्याला?” आधीच्या शाळेतून त्याला कसं ‘स्वतःहून’ काढून न्यायला लावलं होतं ते तिने नंतर सांगितलं.

खुर्ची द्या. मूल समोर नको. काय चांगलं दिसलं ते आधी सांगा, आणि ते खरं असावं. सोहमला बेस्टच्या बसचे नंबर आणि मार्ग तोंडपाठ होते, मी तेच सांगितलं. आई पहिल्यांदा हसली. मग विचारा: घरी कधी शांत असतो? झोप किती? नेमकं काय झाल्यावर बिनसतं? बोलायला, चालायला कधी लागला? आधी कुठे दाखवलं आहे का? उत्तरं लिहून घ्या, तिच्यासमोर, तिला दिसेल अशी.

रोगाचं नाव तुम्ही घेऊ नका. ‘ऑटिझम वाटतोय’, ‘मतिमंद आहे बहुतेक’ हे सांगण्याचा आपल्याला अधिकारही नाही आणि ज्ञानही नाही. ‘मला वर्गात हे-हे दिसतं, डॉक्टरांना एकदा दाखवून घेऊ या’ एवढंच. पहिल्या भेटीत वडील मानायला तयार नसतात हेही गृहीत धरा. सोहमचे वडील म्हणाले, “मीपण पाच वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हतो, आज नोकरी करतोय ना.” वाद घातला नाही. वही दाखवली. तारीख, वेळ, घटना. वहीशी भांडता येत नाही. पुढच्या आठवड्यात ते स्वतः रजा टाकून दवाखान्यात गेले.

## ४. तपासणी आणि कागद

सगळ्यात आधी कान आणि डोळे. ‘ऐकतच नाही’ म्हणून ज्याच्यावर वर्षभर ओरडलं जातं त्याला कधीकधी खरोखरच ऐकू येत नसतं. श्रवणाच्या तपासणीसाठी वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, कुठल्याही मोठ्या पालिका रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागातही होते.

पुढची पायरी बालरोग आणि मानसोपचार विभाग: परळचं केईएम, सायनचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर. वाचन-लेखन-गणितातच अडणाऱ्या मुलांची अध्ययन अक्षमतेची तपासणी सायन आणि नायरला होते, पण ती साधारण आठ वर्षांच्या पुढे. पहिलीतल्या मुलाला घेऊन गेलात तर ‘नंतर या’ म्हणतील, त्यात त्यांची चूक नाही. पालकांना आधीच सांगा की एका फेरीत काम होत नाही. सकाळी लवकर केस पेपरच्या रांगेत उभं राहायचं, मग तारीख, मग चाचण्या दोनतीन बैठकांत. रोजंदारीवरच्या आईसाठी प्रत्येक फेरी म्हणजे बुडालेला पगार. म्हणून पहिल्याच फेरीला कागद पूर्ण द्या:

- मुलाचा जन्मदाखला आणि आधारकार्ड, झेरॉक्सच्या दोन-दोन प्रती
- आईवडिलांचं आधार आणि पत्त्याचा पुरावा, रेशनकार्ड असेल तर तेही
- पासपोर्ट आकाराचे चारपाच फोटो
- जन्माच्या वेळचे रुग्णालयाचे कागद, आधीच्या तपासण्या, चालू औषधांची चिठ्ठी
- शाळेच्या लेटरहेडवर वर्गशिक्षकाचं पत्र, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याने
- मुलाच्या मूळ वह्या आणि दोन उत्तरपत्रिका. खाडाखोड, अर्धवट ओळी तशाच असू द्या
- तुमच्या नोंदवहीतल्या दोन आठवड्यांच्या पानांची झेरॉक्स

शेवटच्या दोन गोष्टी शाळा सहसा देत नाही. डॉक्टरांसमोर मूल अर्धा तास अगदी शहाण्यासारखं बसू शकतं. वही मग त्याच्या वतीने बोलते.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, यासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज होतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालीवर ताबा नसणं), विशिष्ट अध्ययन अक्षमता हे त्यात येतात. बऱ्याच सवलतींसाठी प्रमाण ४० टक्के किंवा त्याहून जास्त लागतं. नुसती अतिचंचलता, ज्याला सगळे एडीएचडी म्हणतात, ती त्या २१ मध्ये स्वतंत्र नाही. त्यामुळे ‘डॉक्टरांनी लिहून दिलं तरी कार्ड का नाही’ असं पालक विचारतात तेव्हा गोंधळू नका. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांसाठी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, तीही पालकांच्या कानावर घाला.

शाळेतली प्राथमिक चाचपणी करायची असेल तर एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’ नावाचं अॅप आहे. पहिला भाग वर्गशिक्षकाने भरायचा, दुसरा विशेष शिक्षकाने. ते निदान नव्हे.

कागद यायला सहा महिने लागू शकतात. तोवर वर्गात काही करायचं नाही, असा अर्थ कोणी काढू नये. बाकाची जागा बदलायला प्रमाणपत्र लागत नाही.

## ५. वर्गात काय बदललं

साहित्य आधी सांगते, सगळं मिळून चारपाचशे रुपयांच्या आत आलं: पुठ्ठा, चिकटपट्टी, वेलक्रो (दादरला शिलाईचं सामान मिळतं तिथे मीटरवर मिळतो), स्वयंपाकघरातला फिरवायचा टायमर, मऊ चेंडू. स्टेशनरीसाठी अब्दुल रहमान स्ट्रीटला एक चक्कर मारली तर स्वस्तात पडतं, पण शनिवारी जाऊ नका.

चित्रांचं वेळापत्रक. बाकाच्या कोपऱ्यावर वेलक्रोची पट्टी, तिच्यावर दिवसाची छोटी चित्रं: प्रार्थना, मराठी, गणित, खिचडी, खेळ, घर. तास संपला की त्याने चित्र काढून डबीत टाकायचं. पुढे काय येणार हे कळलं की त्याची निम्मी चिडचिड ओसरली. अचानक ऑफ तास आला, किंवा पावसामुळे मैदान रद्द झालं, तर चित्र त्याच्यासमोर बदला. न सांगता बदललंत तर दिवस गेला म्हणून समजा. पावसाळ्यात मी ‘खेळ’च्या मागे ‘पाऊस – वर्गात खेळ’ असं दुसरं चित्रच चिकटवून ठेवलं.

आधी–मग पट्टी. दोनच चौकोन. आधी दोन उदाहरणं, मग बसचं चित्र काढायचं. दोन म्हणजे दोनच. ती छान सोडवली म्हणून ‘आता अजून दोन’ म्हणालात की त्या पट्टीवरचा त्याचा विश्वास संपला. माझ्याकडून हे दोनदा झालं.

फळ्यावरून उतरवणं बंद. आठ उदाहरणं फळ्यावर, त्यातली दोन त्याच्या कागदावर मी लिहून द्यायची, मोठ्या अक्षरात, मध्ये भरपूर जागा सोडून. वर बघ, लक्षात ठेव, खाली लिही, परत ओळ शोध, यातच त्याचा दम संपत होता. गणित त्याला येत होतं, आणि हे मला सप्टेंबरमध्ये कळलं.

सुट्टीचं कार्ड. पिवळं कार्ड. ते माझ्या हातात दिलं की तीन मिनिटं कपाटाशेजारच्या चटईवर बसायची परवानगी, कारण न विचारता. दिवसाला चार कार्डं. सुरुवातीला चारही पहिल्या तासात संपली. संपू दिली. ओरडून मिळत होतं ते मागून मिळतं, हे आधी त्याला पटायला हवं होतं. ऑफिस मात्र बंद, आणि क्लार्ककाकांचे शिक्के आता काम पूर्ण झाल्यावर, शुक्रवारी.

इथे एक इशारा. ऑफिस बंद केल्यावर पुढचे आठ-दहा दिवस सोहम आधीपेक्षा जास्त ओरडला. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, “तुमचं हे काही चालत नाहीये.” विशेष शिक्षिकेने मला हे आधीच सांगून ठेवलं नसतं तर मी सोडून दिलं असतं. जुनी युक्ती चालेनाशी झाली की मूल ती सोडण्याआधी आणखी जोरात वापरून बघतं. अशा वेळी नवव्या दिवशी हार मानून ऑफिसात पाठवलंत तर नऊ दिवस ओरडलं की काम होतं, एवढं मात्र तो पक्कं शिकतो.

पीटीचा तास शिक्षा म्हणून काढून घेऊ नका. ज्याला हालचालीची सगळ्यात जास्त गरज त्याचीच हालचाल आपण बंद करतो, आणि पुढचा तास आपल्यालाच भोगावा लागतो. त्यापेक्षा खडू आणायला, वह्यांचा गठ्ठा पोचवायला पाठवा. वजन उचलून चालल्यावर सोहम शांत बसे. सगळी मुलं बसतीलच असं नाही.

## ६. भडका उडालाच तर

कमी बोला. त्या वेळी त्याच्या कानात शब्द शिरत नाहीत. ‘असं का केलंस’ हा प्रश्न तर अजिबात नको, त्याला तरी कुठे माहीत असतं. दोन हात लांब, जरा तिरकं उभं राहा, नजरेला नजर लावू नका. आवाज खाली. ‘बस. पाणी.’ एवढंच. बाकीच्या मुलांना बाहेर नेणं हे त्याला बाहेर ओढण्यापेक्षा सोपं असतं. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल तेव्हाच हात लावा. चावलं तर हिसडा मारून हात ओढू नका, जखम मोठी होते.

नंतर पंधरावीस मिनिटं काम देऊ नका. माफी मागायला लावणं, सगळ्यांसमोर उभं करणं, हे तर नाहीच.

ऑगस्टमध्ये एकदा बाहेर मंडळाचा ढोलताशाचा सराव चालू होता, वर्गात ४३ मुलं, लाइट गेलेली. सोहमने माझ्या हजेरीपटावर पाणी ओतलं. मी त्याचं मनगट इतकं जोरात धरलं की बोटं उमटली. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं, हे मला पाठ होतं. पाठ असून उपयोग झाला नाही. शाळा सुटल्यावर मी त्याच्या आईला फोन करून स्वतः सांगितलं, मनगट बघा म्हटलं, माफी मागितली. मुख्याध्यापिकांना लेखी कळवलं. तुमच्याकडून असं झालं तर लपवू नका; मूल सांगू शकत नाही, याचा फायदा घेतल्यासारखं होतं. आणि आपला पारा चढतोय असं वाटलं की लाल कार्ड आपल्यासाठीही आहे. मी ते त्यानंतर दोनदा वापरलं. एकदा शेजारच्या बाई येऊन नुसत्या माझ्या वर्गात उभ्या राहिल्या, मी नळावर जाऊन तोंड धुऊन आले.

## ७. बाकीची ४२

मुलांना खोटं सांगू नका, आजाराचं नावही सांगू नका. मी म्हटलं, “काहींना चष्मा लागतो. सोहमला मोठा आवाज सहन होत नाही आणि वाट बघणं जड जातं.” एका मुलाने लगेच विचारलं, “मग मला पण पिवळं कार्ड हवं.” दिलं. सगळ्यांना एक-एक दिलं. आठवडाभर त्यांनी चटईवर बसून घेतलं, मग कंटाळले. आज ती कार्डं पाचसहा मुलंच वापरतात, आणि त्यातल्या एका मुलीच्या घरी काय चाललं आहे हे मला त्या कार्डामुळे कळलं.

पालकांचं प्रकरण अवघड. चावा घेतलेल्या मुलीच्या घरी त्याच दिवशी स्वतः फोन करा, मुलगी घरी पोचायच्या आत. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक शब्द लिहू नका. तिथे ‘त्या मुलाला काढा’ सुरू झालं तर ‘या विषयावर शाळेत येऊन भेटा’ एवढंच लिहून गप्प. मुलाचा व्हिडिओ कोणीही, तुम्हीसुद्धा, काढायचा नाही. डॉक्टरांना दाखवायला लागलाच तर आईची लेखी परवानगी.

काढा म्हणणाऱ्यांना कायदा सांगायची वेळ येते. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, हे शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १६. दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश आणि गरजेप्रमाणे सोयी देणं ही मान्यताप्राप्त शाळेची जबाबदारी, हे २०१६ च्या कायद्याचंही कलम १६. दोन्हीकडे सोळाच, लक्षात ठेवायला सोपं. ‘मदतनीस तुम्ही पगार देऊन आणा, नाहीतर बसवणार नाही’ ही अट आईवर लादणंही त्यामुळेच बसत नाही, मग ती कितीही गोड शब्दांत घातलेली असो.

## ८. मदत मागायची ती लेखी

तोंडी सांगितलेलं शाळेत हवेत जातं. मुख्याध्यापकांना अर्ज द्या, आवक क्रमांक टाकून पोच घ्या. अर्जात तीन गोष्टी: काय दिसतं, आतापर्यंत काय केलं, काय हवं. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेच्या समावेशित शिक्षण विभागाचे विशेष शिक्षक शाळांना भेटी देतात. आपल्या वॉर्डाच्या शहर साधन केंद्रात मुख्याध्यापकांमार्फत मागणी करा आणि पाठपुरावा करा. त्यांच्याकडेही शाळा खूप असतात. विशेष शिक्षक आले की गाऱ्हाणं नको, वही पुढे ठेवा आणि ‘पुढच्या भेटीपर्यंत मी कोणती एक गोष्ट करू’ हे विचारा. मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा त्यांच्यासोबत बसून करा. त्यात ‘शिस्त लागेल’ असं उद्दिष्ट नको. ‘ऑक्टोबरअखेर पाच मिनिटं बाकावर बसून दोन उदाहरणं सोडवेल’ असं मोजता येईल असं हवं.

बाहेरच्या संस्थांमध्ये विकासात्मक अडचणींसाठी ‘उम्मीद’, सेरेब्रल पाल्सीसाठी ‘अडॅप्ट’ (जुन्या लोकांना ही स्पास्टिक्स सोसायटी म्हणून माहीत आहे), बौद्धिक दिव्यांगत्वासाठी शिवडीची, १९४४ पासून चालू असलेली जय वकील शाळा. पालकांना नाव देताना कोणतं स्टेशन, कोणती बस हेही लिहून द्या. आणि आईची अवस्था बिकट दिसली, किंवा तुमचीच झाली, तर १४४१६ ही टेलिमानसची, मानसिक आरोग्यासाठीची मोफत हेल्पलाइन आहे. मराठीत बोलतात.

## ९. परीक्षा, आणि पुढच्या वर्गाला देताना

आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनात, लेखी चाचणी हे आठ साधनांपैकी एक आहे. निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम हीही आहेतच, ती वापरा. सोहमची बेरीज-वजाबाकी मी बसच्या तिकिटांवर तोंडी घेतली आणि तशी नोंद केली. पेपर दोन तुकड्यांत दिला. दहावीच्या परीक्षेत प्रत्येक तासाला वीस मिनिटं जादा आणि लेखनिक अशा सवलती असतात, पण त्या मिळायला प्रमाणपत्र वेळेत लागतं, म्हणून तिसरी-चौथीतच मार्ग धरलेला बरा.

मार्चमध्ये वही पुढच्या वर्गशिक्षकाला द्यायची. पूर्ण वही कोणी वाचत नाही, म्हणून वर एक पान. मी दिलेलं पान असं होतं:

*भिंतीकडचा दुसरा बाक. फळ्यावरून उतरवायला लावू नये, कागदावर द्यावं. बदल आधी चित्रात दाखवावा. पिवळी कार्डं चार, बहुतेक दिवशी दोन पुरतात. मागून अचानक खांद्यावर हात ठेवू नये. बसच्या नंबरांवरून काहीही शिकवता येतं. आईला फोन दुपारी दोननंतर. ढोलताशाच्या दिवसांत कानाला लावायला कापूस, आईने दिलेली डबी कपाटात आहे. खिचडीच्या पातेल्याखाली गोणपाट घालायला सांगावं. ते मेच्या सुट्टीत हरवतं, जूनमध्ये नवीन मागून घ्यावं.*